गार इंजिनाचा ताप

माझे सासरे निवृत्त बस-ड्रायव्हर आणि मी मोटार मेकॅनिक. एवढं ऐकलं की बाहेरच्या माणसांना वाटतं, वा, काय छान जमलं असेल! गाड्यांच्या धंद्यातली माणसं मात्र गालातल्या गालात हसतात. ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ड्रायव्हर म्हणतो, गाडी वाईट आहे. मेकॅनिक म्हणतो, गाडी झकास आहे, चालवणारा वाईट आहे. सगळे डेपो या भांडणावरच चालतात.

लग्न ठरायच्या आधी बाबा मला बघायला आले होते. मी काय शिकले, काय रांधते, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सकाळी गार इंजिन सुरू केलं की लगेच निघायचं, की थांबायचं?"

मी म्हटलं, "लगेच निघायचं. हळू चालवायचं, पण निघायचं."

"चूक. पाच मिनिटं उभं राहू द्यायचं. तेवढ्यात काचा पुसून घ्यायच्या."

"ती जुनी पद्धत झाली."

"मीही जुनाच आहे," बाबा म्हणाले, आणि चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. लग्न झालं ते त्या भांडणासकट झालं. महिन्याभरात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमच्यात तह घडवून आणला. मी बाबांच्या गाडीला हात लावायचा नाही आणि बाबांनी माझ्या गॅरेजबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जेवणाच्या टेबलावर मला इंजिन नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तह दोन्ही बाजूंनी पाळला गेला. लोक लांबलांबून गाड्या घेऊन माझ्याकडे यायचे आणि माझ्या घरातली गाडी चौकातल्या दुसऱ्या गॅरेजात जायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

बाबांची गाडी म्हणजे एक पांढरी, चार दारांची, वय झालेली बाई. आठवड्यातून एकदा ती डोंगर चढायची. डोंगरापलीकडे बाबांची थोरली बहीण राहते, आक्का. आक्कांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलाय. त्या दाराच्या पायरीपलीकडे जात नाहीत. पूर्वी त्या बाजूला बस जायची आणि ती बाबाच चालवायचे. ते निवृत्त झाले, मागोमाग बसही बंद झाली. मग बाबांनी गाडी घेतली. दर आठवड्याला भाऊ-बहीण समोरासमोर बसायचे, दुपारभर एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि संध्याकाळी बाबा नवी बॅटरी घातल्यासारखे घरी यायचे. म्हणजे ती गाडी थांबली की त्या दोघांची भेट थांबली. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा उन्हाळा तापायला लागला आणि डोंगराच्या चढावर गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायला लागला.

ड्रायव्हरच्या जातीला एक नियम आईच्या दुधाबरोबर पाजलेला असतो. काटा लाल झाला की गाडी कडेला. मग लग्नाची घाई असो नाहीतर बाळंतपणाची. बाबा त्या नियमाला प्राणापलीकडे जपणारे. ते गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. काटा खाली आला की पुढे. थोडं चढलं की पुन्हा लाल, पुन्हा कडेला. त्यावर त्यांच्याकडे आणखी एक जुनी डेपोतली युक्ती होती. गाडीतला हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते आणि इंजिन निवतं. युक्ती खरी आहे, मीही गिऱ्हाइकांना सांगते. पण भर उन्हाळ्यात, भर दुपारी, हीटर लावून डोंगर चढायचा म्हणजे काय, ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्या आईंना विचारा.

"मला वाटेत उतरवून ठेवा," आई म्हणायच्या. "येताना शिजलेली घेऊन जा."

बाबांनी गाडी चौकातल्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला. काटा लाल. रेडिएटर धुऊन काढला. काटा लाल. रेडिएटरचं झाकण बदललं, इंजिन गार ठेवणारं कूलंट बदललं, पंखा बघितला. काटा लालच. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा कार्यक्रम बरेच दिवस चालला. फाशी द्यायला संन्यासी उरला नाही, तेव्हा तो गॅरेजवाला बाबांना म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. तुमचा पाय जड झालाय. वय झालं की होतं असं. चढावर जास्त दाबता, म्हणून तापते."

नाचता येईना अंगण वाकडं. हे मला कळलं तेव्हा मी हातातला पाना आपटला होता. पण तह म्हणजे तह, मी गप्प बसले.

रात्री जेवताना आमच्या ह्यांनी तोच सूर लावला. ह्यांचं बाबांवर फार प्रेम आहे, पण ते प्रेम व्यक्त करायची ह्यांची पद्धत म्हणजे सल्ला देणं. "बाबा, तो म्हणतोय त्यात तथ्य असेल. आता गाडी काढूनच टाकू. आत्याकडे मी सोडत जाईन तुम्हाला."

भिंतीला एक खिळा ठोकायचा म्हटलं तर हा माणूस पावसाळा घालवतो. हा दर आठवड्याला डोंगर चढणार होता!

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता भडका उडणार. ड्रायव्हरला पाय जड झाला म्हणणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखं. मी मनातून खूशच होते, म्हटलं, ऐका आता. बाबांनी पाण्याचा घोट घेतला. खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"तुझ्याकडे गिऱ्हाइकं येतात," ते म्हणाले. "कोणी बघ. देऊन टाक."

आवाज चढला नाही, काही नाही. उठले, हात धुतले आणि आक्कांना फोन लावला. "गाडी कामाला दिलीय गं," असं सांगताना मी ऐकलं. "नाही, या आठवड्याला नाही जमणार. बघू पुढे." फोन ठेवून ते खिडकीशी जाऊन बसले. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की त्याचा राग होतो. मला त्या गॅरेजवाल्याचा राग आला, ह्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा आला. इतकी वर्षं माझ्याशी इंजिन गरम करण्यावरून भांडणारा माणूस एका वाक्यात चावी टाकतो म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी दारातल्या गाडीत जाऊन बसले. गाडी विकायची तर आधी बघायला नको का, असं मी स्वतःलाच सांगितलं. तह मोडायला काहीतरी निमित्त लागतंच.

चावी फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही. नुसते डॅशबोर्डवरचे दिवे लागले. आणि तापमानाचा काटा तळातून उठला, आळस देत देत वर गेला आणि बरोबर मध्यावर जाऊन बसला.

मी बघतच राहिले. गाडी रात्रभर दारात उभी होती. बॉनेटवर दव होतं. इंजिन उघड्यावरच्या दगडाइतकं गार असणार, आणि काटा म्हणत होता, मी मस्त गरम झालोय, चला निघू या. गार असतानाच जो अर्ध्यावर आहे, तो चढावर इंजिन नेहमीइतकं गरम झालं तरी लाल पट्ट्यात जाणार, त्यात पायाचा काय दोष?

मग हे आजवर कोणाला दिसलं कसं नाही, तेही ध्यानात आलं. बाबा सकाळी गाडी सुरू करून काचा पुसायला उतरायचे. पुसून आत बसेपर्यंत काटा मध्यावर असायचा आणि तो तिथेच असायला हवा. ती पाच मिनिटं पुन्हा आमच्या मधे आली होती. चौकातल्या शहाण्याकडे तर गाडी नेहमी चालून, गरम होऊनच जायची.

मी बॉनेट उघडलं. कूलंट काठोकाठ, स्वच्छ. जे इंजिन खरोखर रोज उकळतं, त्याचं पाणी कमी झाल्याशिवाय राहत नाही. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली. "बाबा! जरा बाहेर या."

"कशाला?" आतून आवाज आला.

"तुमच्या गाडीला हात लावलाय."

ही मात्रा लागू पडली. बाबा बाहेर आले, मागोमाग आई आल्या.

"मोडला का तह?" आईंनी विचारलं.

"मोडला," मी म्हटलं. "बाबा, इंजिनावर हात ठेवा."

"का?"

"ठेवा तर."

त्यांनी हात ठेवला. तळवा पूर्ण टेकवला. मी आत जाऊन चावी फिरवली आणि म्हटलं, "आता तसंच वाकून काटा बघा."

एक हात इंजिनावर ठेवून डॅशबोर्ड बघणं हे जरा कसरतीचं काम होतं. बाबांनी मान लांब केली. काटा बघितला. हाताकडे बघितलं. पुन्हा काटा बघितला.

मी गॅरेजातून स्कॅनर आणून गाडीला जोडला. गाडीच्या मेंदूला काय वाटतंय ते स्कॅनर आकड्यात सांगतो. आकडा आला बहात्तर.

"बहात्तर डिग्रीवर हात ठेवून उभे आहात," मी म्हटलं. "भाजतंय का?"

"गार आहे," बाबा हळूच म्हणाले.

मग मी त्यांना सेन्सर दाखवला. थर्मोस्टॅटच्या घरालाच तो बसवलेला असतो, बोटाच्या पेराएवढा, पितळी. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडलेलं असतं. कूलंट जितकं गरम, तितका तो वीज जास्त जाऊ देतो, आणि त्यावरून काटा हलतो. मी त्याची वायर काढली. काटा धप्पकन तळाला गेला आणि रेडिएटरचा पंखा एकदम सुरू झाला, कारण सेन्सरची खबर बंद झाली की गाडी घाबरते आणि वाईटात वाईट काय ते धरून चालते. आमच्या ह्यांच्यासारखीच. वायर पुन्हा लावली की काटा पुन्हा मध्यावर. म्हणजे वायर चांगली, काटाही चांगला. खोटं बोलत होता तो पितळी शहाणा.

"सकाळी सुरू व्हायला त्रास देते का?" मी विचारलं.

बाबा जरा चाचरले. "दोन-तीनदा चावी मारावी लागते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

चावी फिरवण्यात काय चुकणार, सांगा! गार इंजिनाला पेट्रोल जरा जास्त लागतं. पण गाडीला वाटत होतं की आपण गरमच आहोत, म्हणून ती हात आखडून पेट्रोल द्यायची. मी हे सगळं रागारागाने समजावलं. बाबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष काट्याकडे होतं. ज्या काट्याच्या शब्दासाठी त्यांनी भरलेल्या बस कडेला घेतल्या, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, तो खोटं बोलू शकतो, हे त्यांना पचत नव्हतं.

मी सुट्या भागांच्या दुकानातून नवा सेन्सर आणला. आल्यावर म्हटलं, ड्रायव्हर माणूस, सांगून मानणार नाही, दाखवून मानेल. इंजिन गारच होतं. रेडिएटरचं झाकण उघडून दाब घालवला, जुना सेन्सर पान्याने सैल केला आणि काढल्याबरोबर भोकावर अंगठा दाबून तिथे रबरी बूच बसवलं. तरी कूलंटची एक धार माझ्या बाहीत गेलीच. मग मी दोन्ही सेन्सर आणि वीज किती अडते ते मोजणारे दोन मीटर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि हाताला लागलेलं पहिलं पातेलं नळाखाली धरलं.

"ते दुधाचं आहे!" आई ओरडल्या.

"गार पाणीच घेतेय, आई."

"पाणी गार आहे गं, पण ते काय त्यात बुडवतेस? गाडीच्या पोटातून काढलेलं?" त्यांनी पातेलं हिसकावून घेतलं आणि मला एक काळं पडलेलं, कान तुटलेलं पातेलं दिलं. मेकॅनिकची लायकी स्वयंपाकघरात एवढीच असते.

पातेल्यात दोन्ही सेन्सरांची टोकं बुडवली आणि एकेक मीटर लावला. नव्याने मोठा आकडा दाखवला. जुन्याने त्याच्या कितीतरी पट लहान. पाणी तेच, पातेलं तेच. कुठल्या आकड्याला किती तापमान, ते कोष्टक मी बाबांना दाखवलं; मोठा आकडा म्हणजे गार. "नवा म्हणतोय, पाणी गार आहे. जुना म्हणतोय, हात घालू नका, पोळेल."

बाबांनी पातेल्यात बोट घातलं.

आईंनीही घातलं. "गारच आहे की," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे इंजिन तापलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि मी इतके दिवस भर उन्हात हीटर लावून बसत होते?"

आईंनी दोघांकडेही असं बघितलं की मी सेन्सर उचलून बाहेर पळाले.

नवा सेन्सर बसवायला वेळ लागला नाही. नवा वॉशर घातला, हाताने पीळ धरेपर्यंत फिरवला, मग पान्याने बेताने आवळला. तिथे जोर दाखवला की थर्मोस्टॅटचं घर तडकतं, हे आमच्याकडे नवा माणूस एकदा तरी करून बसतो. वायर टचकन बसली. सांडलेल्याइतकं कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू केलं. पहिल्या चावीला सुरू झालं! काटा तळाशी होता. अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघून गेले, झाकण लावलं, काटा हळूहळू चढून मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मी कितीतरी वेळ रेस देऊन बघितलं. काटा हलला नाही.

"झालं," मी म्हटलं आणि चावी बाबांपुढे धरली. "जा आक्कांकडे."

बाबांनी चावी घेतली नाही.

"तुझं काम चांगलं झालंय," ते म्हणाले. म्हणजे परिस्थिती गंभीर होती. शुद्धीवरचा ड्रायव्हर मेकॅनिकला असं म्हणत नाही. "पण राहू दे. जुना खोटं बोलला. नवा बोलणार नाही कशावरून? आणि मला ते कळणारही नाही. मला कुठे कळलं?"

ते पुन्हा खिडकीकडे निघाले. गाडी दुरुस्त झाली होती आणि माणूस तसाच होता. माझ्याकडे त्यावर ना पाना होता, ना कोष्टक. मला एकच उपाय सुचला, तो म्हणजे चिडणं.

"ठीक आहे. मी जाते आक्कांकडे," मी म्हटलं. "तुम्ही शेजारी बसा. रस्ता दाखवायला."

रस्ता मलाही माहीत होता आणि मला तो माहीत आहे हे त्यांनाही. पण आक्कांचं नाव निघाल्यावर ते आले. आई आक्कांसाठीचा डबा घेऊन मागे बसल्या. बसायच्या आधी त्यांनी हीटरचं बटण बंद असल्याची खातरजमा करून घेतली.

आता इथे एक खुलासा करते. पुढे जे झालं ते मी मुद्दाम केलं, असं घरात सगळे मानतात आणि माझं कौतुक करतात. मी तसं काही केलं नाही. मी गाडी तशीच चालवते. मेकॅनिकला इंजिन खोलता येतं, ते चालवता आलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

चौकातून निघताना गाडीने दोन उड्या मारल्या. बाबांनी दाराची मूठ धरली. पुढे वळणावर मी गिअर बदलला तेव्हा खर्रर्र झालं. बाबांनी डोळे मिटले. डोंगराचा चढ सुरू झाला. मी वरच्याच गिअरमध्ये रेटत होते, इंजिन धापा टाकत होतं.

"उतरव," बाबा म्हणाले.

"कोणाला?"

"गिअर उतरव! तिचा जीव जातोय, ऐकू येत नाही तुला?"

मी गिअर उतरवला, पण तो चुकून भलताच पडला आणि गाडी बंद पडून मागे सरकायला लागली. मागून आईंनी जी किंकाळी फोडली, ती बहुतेक आक्कांपर्यंत पोचली असेल. बाबांनी हँडब्रेक खेचला.

"हो बाजूला," ते म्हणाले. "हो बाजूला! मेकॅनिक म्हणे. उतर आधी."

मी उतरले. बाबा स्टिअरिंगवर बसले, सीट मागे घेतली, आरसा नीट केला, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. गाडी चढावर अशी उचलली की आईंच्या मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही. पाय जड! तो पाय मी बघत होते. पिसासारखा पडत होता. काटा मध्यावर होता आणि वरपर्यंत मध्यावरच राहिला. सुरुवातीला बाबा दर वळणाला त्याच्याकडे बघत होते. माथ्यावर पोचेपर्यंत ते विसरले आणि समोरच्या ट्रकवाल्याची अक्कल काढायला लागले. आई मागे खिडकी उघडून, चेहऱ्यावर वारा घेत, डोळे मिटून बसल्या होत्या.

आक्का पायरीवरच बसल्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी तोंड सोडलं. "काय रे, कुठे उलथला होतास? गाडी बिघडली होती का तू?"

बाबा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. नेहमीसारखं लगेच उत्तर देतील असं मला वाटलं. त्यांनी आधी हातातली चावी निरखली. मग म्हणाले, "आधी गाडी बिघडली. मग मी."

"म्हणजे?"

मी डबा घेऊन आत निघाले होते, ती दारातच थांबले.

"आक्का, इंजिन तापलेलं नाही हे मला कळत होतं," बाबा म्हणाले. "तापलेल्या इंजिनाला वास येतो. त्याची ओढ कमी होते, आवाज बदलतो. यातलं काही होत नव्हतं. मी बॉनेट उघडून उभा राहायचो आणि मला कळायचं की हिला काही झालेलं नाही. पण काटा लाल म्हणत होता. गॅरेजवाला म्हणाला, पाय जड झालाय. पोरगा म्हणाला, त्यात तथ्य असेल. मला वाटलं, आपलंच नाक गेलं, आपलेच कान गेले. सगळेच म्हणतायत म्हणजे तसंच असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? म्हणाले असते, म्हाताऱ्याला आता भासही व्हायला लागले."

माझे डोळे भरून आले. माझ्या घरात, माझ्या समोरच्या खुर्चीत हा माणूस हे सगळं गिळून जेवत होता. आईंनी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे ओले होते.

आक्का मात्र रडणाऱ्यातल्या नव्हत्या. "लहानपणापासून मी तुला मूर्ख म्हणत आलेय," त्या म्हणाल्या. "एकदा तरी मानलंस? थोरली बहीण सांगते तेव्हा मानायचं नाही, आणि कुठल्या तरी गॅरेजवाल्याने सांगितलं की लगेच मानायचं?"

बाबा हसायला लागले. खांदे हलवत, आवाज न करता हसतात, तसे हसले. मग दोघांचं नेहमीचं सुरू झालं आणि आम्ही दोघी चहा करायला आत गेलो. दुपारभर बाहेरून नुसती भांडणं ऐकू येत होती. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना उतार संपून सपाट रस्ता लागला. बाबा गुणगुणत होते. आई मागे पेंगत होत्या. एकदम गुणगुणणं थांबलं. बाबांनी मान जराशी तिरकी केली, वेग थोडा कमी केला, पुन्हा वाढवला.

"पुढच्या डाव्या चाकात आवाज येतोय," ते म्हणाले.

डावीकडे मीच बसले होते. मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, श्वास रोखून ऐकलं. वारा, टायर, एक कुत्रं. बाकी मला काहीही ऐकू आलं नाही. माझे कान धंद्यात नावाजलेले आहेत हो! 'काही नाही तसं' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, पण वाट बघत होते, हे कळत होतं.

"उद्या चाक उचलून बघते," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा गुणगुणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवलं. आवाज नाही. मग एक हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवून पुन्हा फिरवलं. तळव्याला बारीक खरखर लागली, इतकी बारीक की हात न ठेवता ती कोणाला कळली नसती. बेअरिंग नुकतंच जायला लागलं होतं.

मी उभी राहून घराकडे तोंड करून हाक मारली. "बाबा, बरोबर आहे तुमचं! बेअरिंग गेलंय!"

बाबा हातात कप घेऊन दारात आले.

"मग बघत काय उभी राहिलीस? बदल," ते म्हणाले, आणि उरलेला चहा प्यायला आत गेले.